जिना, लादी आणि वाटी

मुंबईत महालक्ष्मीला २०२४च्या जुलैत टाटा ट्रस्ट्सचं लहान प्राण्यांचं रुग्णालय सुरू झालं. पाच मजल्यांची इमारत, सुमारे ९८,००० चौरस फूट जागा. हे रुग्णालय का बांधायचं हे सांगताना रतन टाटांनी एका मुलाखतीत आपल्याच एका कुत्र्याचा दाखला दिला होता. सांधा बदलण्यासाठी त्याला विमानाने अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात नेलं होतं, पण तोवर उशीर झाला होता. सांधा बदलता आला नाही, म्हणून शल्यचिकित्सकांनी तो एका ठरावीक स्थितीत कायमचा जखडून टाकला. हा दाखला आपल्याकडे सोयीच्या अभावाचा म्हणून सांगितला जातो, आणि त्यात चूक काही नाही. पण त्यातली दुसरी बाब सहसा कुणी उचलत नाही. उत्तम रुग्णालय मिळालं, पैशाची अडचण नव्हती, तरी ज्यासाठी नेलं ते करता आलं नाही. कुत्र्यांच्या हाडा-सांध्यांच्या नेहमीच्या दुखण्यांपैकी बहुतेकांचं असंच होतं. लंगडणं डोळ्यांना दिसतं तेव्हा आजार मध्यावर आलेला असतो, कधीकधी त्याच्याही पुढे. या प्रकरणात निदानाबद्दल आणि उपचारांबद्दल जे काही येणार आहे त्याचा रोख एवढाच, की निर्णायक महिने दवाखान्याची पायरी चढण्याआधी जातात, आणि ते घरात जातात.

ते घर कसं असतं हे पाहायला मीरा-भाईंदर हे चांगलं उदाहरण आहे. २०११च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या ८,०९,३७८ होती. उत्तरेला वसईची खाडी, पश्चिमेला समुद्र, मधे मिठागरं आणि त्यांच्या कडेकडेने वाढत गेलेल्या इमारती. भाईंदर पूर्वेला आणि मीरा रोडच्या जुन्या भागात तीन-चार मजल्यांच्या, लिफ्ट नसलेल्या इमारती अजून रांगेने उभ्या आहेत. नव्या टॉवरांत लिफ्ट आहे, पण तिच्यात कुत्र्याला घ्यायचं की नाही यावर सोसायटीच्या सभेत आवाज चढतात. घरात आरशासारख्या लाद्या. वन बीएचकेत सोफा, पलंग, कपाट मांडून उरलेल्या जागेत लॅब्रॅडॉर नाहीतर रॉटवायलर वाढतो; पोमेरेनियन आणि शिह-त्झू सोफ्यावरून दिवसाला पन्नास उड्या मारतात. कुत्र्याच्या वाटीत काय पडतं हे त्या घराचा गॅस ठरवतो. गुजराती, मारवाडी, जैन वस्ती मोठी असल्याने पुष्कळ घरांत दूध-पोळी नाहीतर दही-भात, इतरत्र बिनहाडाची कोंबडी आणि भात. जिना, लादी आणि वाटी यांची नोंद दवाखान्याच्या केस-पेपरवर क्वचितच होते. एक्स-रेत जे दिसतं त्यात मात्र या तिघांचा वाटा असतो.

मोठ्या जातींच्या कुत्र्यांत सर्वांत ओळखीचं दुखणं म्हणजे खुब्याच्या सांध्याची सदोष वाढ, ज्याला सगळे हिप डिस्प्लेशिया म्हणतात. अमेरिकेत श्नेले नावाच्या पशुवैद्याने १९३५ साली त्याचं वर्णन केलं. मांडीच्या हाडाचं गोल डोकं ओटीपोटाच्या हाडातल्या उखळीत बसतं. पिल्लू जन्मतं तेव्हा हा सांधा साधारणपणे ठीकच असतो. नंतरच्या काही आठवड्यांत तो ज्यांच्यात ढिला पडतो त्यांच्यात डोकं उखळीच्या काठावर घासत राहतं. हाडं अजून कोवळी असतात, म्हणून उखळ उथळ होते, डोकं चपटं होतं. पाच-सहा महिन्यांचं पिल्लू पळताना मागचे दोन्ही पाय जोडून सशासारख्या उड्या घेतं, उठताना रेंगाळतं, जिन्याशी येऊन बसून राहतं. इथे निसर्ग एक फसवी चाल खेळतो. वर्ष-दीड वर्षाच्या सुमारास सांध्याभोवतीचं आवरण जाड होतं, सांधा थोडा घट्ट होतो आणि कुत्रा बरा दिसू लागतो. या सुधारणेचं श्रेय मग त्या काळात घरात जे काही चालू असेल त्याला मिळतं: कॅल्शियमच्या बाटलीला, तेलाच्या मालिशीला, शेजाऱ्याने सांगितलेल्या लेपाला. चार-पाच वर्षांनी झिजलेला सांधा पुन्हा दुखू लागतो, तेव्हा त्याला म्हातारपण हे नाव मिळतं.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. हा आजार आनुवंशिक, तर मालकाने काय करायचं? आनुवंशिक आहे हे खरं, आणि एका जनुकाचा नाही, अनेक जनुकांचा मिळून आहे. म्हणूनच अमेरिकेत १९६६ साली प्रजननाच्या कुत्र्यांचे खुबे एक्स-रेवरून तपासून नोंदवणारी संस्था उभी राहिली. आपल्याकडे पिल्लू घेताना रंग पाहतात, आई-बापाचे कागद पाहतात. त्यांच्या खुब्यांचा एक्स-रे मागणारं गिऱ्हाईक विरळा. पण आनुवंशिक म्हणजे अटळ, हे समीकरण एका अभ्यासाने पार मोडून काढलं आहे. प्युरिना कंपनीच्या संशोधकांनी ४८ लॅब्रॅडॉर पिल्लांच्या २४ जोड्या लावल्या. एकेका जोडीतली दोघं एकाच वेतातली, म्हणजे भावंडं. त्यातल्या एकाला जेवढं अन्न मिळे, त्याच्या पाऊण भाग दुसऱ्याला. अन्न तेच, फक्त २५ टक्के कमी, आणि हे आयुष्यभर. दोन वर्षांच्या वयात कमी खाणाऱ्या गटात खुब्याच्या दोषाचं प्रमाण निम्म्याहून कमी होतं. भरपूर खाणाऱ्या गटातल्या अर्ध्या कुत्र्यांत खुब्याची झीज एक्स-रेवर सहाव्या वर्षीच दिसली. दुसऱ्या गटात तेवढंच प्रमाण गाठायला बारावं वर्ष उजाडलं. आयुष्याचा मध्यकही ११.२ वर्षांवरून १३ वर्षांवर गेला. रक्त तेच, जात तीच, वाटी वेगळी. जनुकांनी खुब्याचा नकाशा दिला असेल, बांधकामाचा वेग मात्र वाटीतून ठरला. गुटगुटीत पिल्लाचं आपल्याला असलेलं कौतुक त्याच्या सांध्यांना महाग पडतं, असा याचा सरळ अर्थ.

वाटीचा प्रश्न किती या एका शब्दात संपत नाही, आणि इथे आपल्याकडच्या दोन सवयी एकमेकींच्या उलट टोकांना उभ्या आहेत. मोठ्या जातीचं पिल्लू घरी आलं की कॅल्शियमचं टॉनिक सुरू होतं, कारण हाडं मजबूत व्हायला हवीत. पण पहिल्या काही महिन्यांत पिल्लाच्या आतड्याला कॅल्शियम नाकारता येत नाही. मोठ्या कुत्र्याचं शरीर जादा कॅल्शियम बाहेर सोडून देतं, पिल्लाचं ते बरंचसं शोषून घेतं. नेदरलंड्समध्ये उट्रेख्त विद्यापीठात ग्रेट डेन पिल्लांवर १९८०च्या दशकात झालेल्या प्रयोगांत जादा कॅल्शियमने हाडांची वाढ बिघडते, कूर्चेचं हाडात रूपांतर अडतं आणि पाय वाकडे होतात हे दिसलं. तयार पिल्लू-आहारात कॅल्शियम आधीच मोजून घातलेलं असतं; त्यावर ओतलेला चमचा हा हाडांचा मित्र नसतो. दुसरं टोक म्हणजे नुसतं बिनहाडाचं मांस आणि भात. मांसात कॅल्शियम नगण्य आणि फॉस्फरस त्याच्या पंधरा-वीस पट असतो. रक्तातली पातळी टिकवायला शरीर मग हाडांतूनच कॅल्शियम उपसतं. हाडं इतकी मऊ होतात, की पिल्लू पलंगावरून उतरताना मोडून घेतं. दूध-पोळीवर वाढलेल्या पिल्लाचीही गत फार निराळी नाही. दुधातलं कॅल्शियम पोळीने भरलेल्या पोटाला पुरत नाही, आणि प्रथिनं तर अपुरी पडतातच. शाकाहारी घरांना मांस शिजवायला सांगायचं कारण नाही. पिल्लांसाठी बनवलेला संपूर्ण आहार, शाकाहारी असला तरी त्यावर वाढीच्या वयासाठी तसं लिहिलेलं असेल तर, स्वयंपाकघरातल्या अंदाजापेक्षा बरा. आणखी एक समजूत इथेच निकालात काढायला हवी. मुडदुशी पिल्लाला कोवळ्या उन्हात बसवा, हा सल्ला माणसाच्या बाळावरून उचललेला आहे. कुत्र्याच्या कातडीत उन्हाने ड जीवनसत्त्व पुरेसं तयार होत नाही. ते त्याला अन्नातूनच मिळावं लागतं. उन्हात पिल्लू खूश असतं, तेवढ्यासाठी बसवायला हरकत नाही.

जिन्याबद्दलचा पुरावा नॉर्वेतून आला. न्यूफाउंडलंड, लॅब्रॅडॉर, लिऑनबर्गर आणि आयरिश वुल्फहाउंड या चार जातींच्या पिल्लांचा जन्मापासून पाठपुरावा करून २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असं दिसलं, की जन्मापासून तीन महिन्यांपर्यंत जी पिल्लं जिने चढत-उतरत होती त्यांच्यात खुब्याच्या दोषाचा धोका जास्त होता. जी पिल्लं त्याच वयात बाहेर मऊ, थोड्या उंचसखल जमिनीवर मोकळी हिंडत होती त्यांच्यात तो कमी होता. नॉर्वेतलं शेत आणि मीरा रोडचा चौथा मजला यांची तुलना होत नाही, असं कुणी म्हणेल. तुलना उलट जास्त लागू होते. तिथे जिना हा अपवाद होता, इथे तो दिवसातून चार वेळा आहे. लसी पूर्ण होईपर्यंत पिल्लाला खाली सोडायचं नाही, कारण पार्व्होचा विषाणू रस्त्यावर सगळीकडे आहे, हा त्याहून सबळ आक्षेप. तो मान्यच करायला हवा. पण त्याचं उत्तर पिल्लाला जिन्यावर सोडून देण्यात नाही. ते कडेवर घेऊन उतरवण्यात आणि लसी झाल्यावर सोसायटीच्या सिमेंटऐवजी उत्तन-पालीच्या वाळूवर नाहीतर मैदानाच्या मातीवर नेण्यात आहे. लिफ्टचा वाद तर मुळात व्हायलाच नको. भारतीय पशुकल्याण मंडळाच्या २०१५च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पाळीव कुत्र्याला लिफ्ट वापरू देण्यास सोसायटीने मनाई करणं गैर आहे. ज्या लॅब्रॅडॉरला सभेतल्या ठरावामुळे रोज चार जिने उतरावे लागतात, त्याच्या खुब्यावर त्या ठरावाची इतिवृत्तापेक्षा टिकाऊ नोंद होते. लादीचं पाप तुलनेने लहान. ती सांधा ढिला करत नाही, पण ढिल्या सांध्याच्या कुत्र्याचे मागचे पाय तिच्यावर बाजूंना फाकत जातात, आणि म्हातारा कुत्रा पडण्याच्या भीतीने उठणंच टाळतो. वाटीपासून झोपायच्या जागेपर्यंत एक चटई आणि पंजांमधले वाढलेले केस, नखं कापणं, एवढ्यावर हे बरंच निभतं.

आता निदान. पुष्कळ मालक शपथेवर सांगतात, की कुत्रा ओरडत नाही, म्हणजे त्याला दुखत नाही. जुनाट दुखण्यात कुत्रा सहसा ओरडत नाहीच. तो सवयी बदलतो. सोफ्यावर उडी मारायचं थांबवतो, बसताना एक पाय बाहेर टाकून तिरका बसतो, फिरायला निघताना उत्साह आणि परतताना मागे राहणं असं चालतं, पाठीवर हात फिरवला की वळून पाहतो. पुढच्या पायात कळ असेल तर दुखरा पाय टेकताना डोकं वर जातं आणि चांगला पाय टेकताना खाली येतं. शरीराचा सुमारे ६० टक्के भार पुढच्या पायांवर असतो, म्हणून मागच्या पायांचं दुखणं कुत्रा पुढे झुकून फार काळ झाकू शकतो. खांदे भरदार आणि मांड्या सुकलेल्या असा कुत्रा दिसला, की हे झाकणं कित्येक महिने चाललंय असं समजावं. या सगळ्याचा मोबाइलवर काढलेला अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ दवाखान्यात सोन्याच्या मोलाचा ठरतो, कारण तपासणीच्या टेबलावर घाबरलेला कुत्रा लंगडायचंही विसरतो.

तपासणीचा क्रम ठरलेला असतो आणि तो घाईत उरकणाऱ्याकडून निदान चुकतं. आधी चाल पाहायची, मग पंजापासून वर हात न्यायचा. पंजात घुसलेली काच किंवा तुटलेलं नख वगळलं जावं म्हणून सुरुवात तिथून. मग प्रत्येक सांधा वाकवून, ताणून पाहायचा. खुबा ढिला आहे का हे पाहायची हाताची जी युक्ती आहे ती मारिनो ऑर्तोलानी या इटालियन बालरोगतज्ज्ञाच्या नावाने ओळखली जाते. माणसाच्या तान्ह्या बाळांसाठी त्याने ती वापरली आणि पुढे पिल्लांना लागू झाली. भूल देऊन मांडी दाबत बाहेर वळवली की निसटलेलं डोकं उखळीत परत बसताना हाताला टक्कन कळतं. एक्स-रे यानंतर. आपल्याकडे क्रम उलटा असतो. मालक येतो तोच फोटो काढा म्हणत, आणि फोटो न काढणारा डॉक्टर त्याला कमी हुशार वाटतो. पण एक्स-रे हाड दाखवतो, दुखणं दाखवत नाही. भयंकर झिजलेल्या खुब्यांची कुत्री मजेत पळताना आढळतात, आणि स्वच्छ फोटोचा कुत्रा तीन पायांवर उभा असतो, कारण फाटलेलं लिगामेंट फोटोत उमटत नाही. शिवाय जागा असलेल्या, ओढाताण करणाऱ्या कुत्र्याचा तिरका आलेला खुब्याचा फोटो चांगला खुबा वाईट दाखवतो आणि वाईट खुबा चांगला. योग्य फोटोला गुंगी लागते. तिच्याबद्दलची मालकांची भीती समजण्याजोगी आहे, पण चुकीच्या फोटोवर केलेला उपचार त्याहून भीतीदायक.

मुंबईच्या परिसरात आणखी एक फसवं दुखणं पहिल्या पाचांत धरावं लागतं. लंगडणारा, सुस्त, कधी या पायाने तर कधी त्या पायाने कुरकुरणारा कुत्रा हाडांचा रोगी नसून गोचिडतापाचा असू शकतो. तपकिरी गोचीड एर्लिशिया नावाचे जिवाणू रक्तात सोडते, आणि त्यांच्यामुळे सांधे सुजतात. रक्ताची तपासणी, प्लेटलेटांची संख्या आणि चार आठवडे डॉक्सिसायक्लिन, एवढ्यात जो कुत्रा उभा राहिला असता त्याला संधिवाताचं सिरप पाजत ठेवणं ही दुर्मीळ चूक नाही. त्याचप्रमाणे डॅक्सहाउंड, बीगल, पग यांचा मागचा भाग अचानक लुळा पडला तर दोष पायांत नसून मणक्यांमधल्या चकतीत असतो. पंजा उलटा ठेवला असता कुत्रा तो सरळ करत नसेल, तर प्रकरण मज्जातंतूंचं आहे आणि तिथे तासांचा हिशेब चालतो, दिवसांचा नाही. ग्रेट डेन, रॉटवायलरसारख्या मोठ्या कुत्र्याच्या मनगटाशी वाढत जाणारी घट्ट सूज आणि न थांबणारं लंगडणं हा हाडाचा कर्करोग असू शकतो. मुरगळलं असेल म्हणून महिना घालवणं तिथे परवडत नाही.

गुडघ्याकडे वळलं की वाटी या शब्दाचा दुसरा अर्थ समोर येतो. पोमेरेनियन, चिवावा, शिह-त्झू यांच्या गुडघ्याची वाटी आपल्या खोबणीतून आतल्या बाजूला सरकते. चालता चालता कुत्रा एक पाय उचलतो, दोन-चार पावलं तीन पायांवर उडतो आणि काही झालंच नाही असा पुढे जातो. लोक याला लाडिक चाल समजतात, त्याची रील करतात. वाटी किती सुटते यावर या दोषाच्या चार पायऱ्या मानल्या जातात. पहिलीत शस्त्रक्रियेची गरज सहसा नसते. तिसरी-चौथी असेल तर खोबण खोल करणं आणि नडगीवरचा स्नायूचा धरबंध सरळ रेषेत आणणं, ही कामं हाड वाकडं होण्याआधी करावी लागतात. मोठ्या कुत्र्यांच्या गुडघ्यात वाटीपेक्षा आतलं पुढचं लिगामेंट जास्त त्रास देतं. कबड्डीपटूचं लिगामेंट एका झटक्यात तुटतं. कुत्र्याचं बहुधा महिनोन्‌महिने कुजत येतं आणि मग एखाद्या साध्या वळणावर जातं. म्हणून जवळपास निम्म्या कुत्र्यांचा दुसराही गुडघा पुढे जातो. टेबलाचा खण ओढावा तशी नडगी मांडीच्या हाडाखालून पुढे सरकली, की निदान झालं. या चाचणीचं इंग्रजी नावही खणावरूनच आहे. कुत्र्याच्या नडगीचा माथा मागे उतरता असतो आणि प्रत्येक पावलाला तिला पुढे ढकलतो. अमेरिकेतल्या बार्कले स्लोकम यांनी १९९३ साली मांडलेली टीपीएलओ ही शस्त्रक्रिया म्हणून लिगामेंट शिवतच नाही. ती तो माथा गोल कापून फिरवते आणि उतार जवळपास सपाट करून प्लेट बसवते, म्हणजे लिगामेंटची गरजच उरत नाही.

इथे विश्रांती आणि गोळ्यांवर भागवणाऱ्यांचा आक्षेप नुसता खर्चाचा नसतो. त्यांच्याकडे उदाहरणंही असतात. शेजाऱ्याचा कुत्रा असाच बरा झाला होता. बहुधा झालाच असेल, पण तो किती किलोचा होता? १९८४ सालच्या एका अभ्यासात शस्त्रक्रिया न केलेल्या कुत्र्यांपैकी १५ किलोंखालच्यांत ८५ टक्क्यांच्या आसपास कुत्री ठीक झाली. १५ किलोंवरच्यांत हा आकडा १९ टक्क्यांपर्यंत घसरला. पोमेरेनियनचं उदाहरण लॅब्रॅडॉरला लावणं हे आपल्या सल्ल्यांचं जुनं दुखणं आहे. उलट बाजूने, लवकर शस्त्रक्रियेचा उत्साहही तपासून घ्यावा लागतो. खुब्याच्या बाबतीत चार-साडेचार महिन्यांपर्यंतच्या पिल्लाच्या ओटीपोटाच्या हाडाची एक वाढरेषा जाळून उखळ डोक्यावर वळवता येते. त्यापुढे, झीज सुरू होण्याआधी, साधारण आठ-दहा महिन्यांपर्यंत हाड कापून उखळ फिरवता येते. नंतर उरतं ते मांडीच्या हाडाचं डोकं काढून टाकणं किंवा अख्खा सांधा बदलणं. दारं एकामागून एक बंद होतात हे खरं. पण ब्रिटनमध्ये १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शस्त्रक्रियेविना ठेवलेल्या ६८ तरुण कुत्र्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश पुढे जवळजवळ नीट चालत होती. मग प्रत्येक पिल्लू का कापायचं? कापायचं नाहीच. लवकर तपासणीचा अर्थ लवकर शस्त्रक्रिया असा नाही. चार महिन्यांच्या मोठ्या जातीच्या पिल्लाचे खुबे लसीच्या वेळी हाताने पाहिले, तर कुठलं दार उघडं आहे एवढं कळतं, आणि ज्या पिल्लांना चाकूची गरज नाही त्यांच्यासाठीही वाटी आणि जिना यांवर लक्ष ठेवायला वर्षभराचा अवधी मिळतो.

हाड मोडण्याच्या बाबतीत उशीर दिवसांत मोजतात. सोफ्यावरून उडी मारून पोमेरेनियन पुढच्या पायाचं मनगटाजवळचं हाड मोडतो. तिथे या लहान जातींमध्ये रक्तपुरवठा इतका तुटपुंजा असतो, की नुसतं प्लॅस्टर घातलं तर हाड जुळायचंच नाकारतं. तिथे प्लेट लागते. पावसाळ्यात भिजलेल्या प्लॅस्टरखाली कातडी सडते, ती वेगळीच कथा. याउलट गाडीखाली सापडलेल्या रस्त्यावरच्या दोन महिन्यांच्या पिल्लाचं हाड तीन-चार आठवड्यांत साध्या पट्टीवर जुळू शकतं. आणि जो पाय वाचतच नाही तो काढला तर उरलेल्या तीन पायांवर हा प्राणी आपल्या कल्पनेपेक्षा फार लवकर संसार मांडतो. मीरा रोडहून अशा शस्त्रक्रियेसाठी परळचं बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय, म्हणजे जुन्या मुंबईकरांचं बैलघोडा हॉस्पिटल, गाठायचं म्हटलं तर दहिसर नाका ओलांडून तीसेक किलोमीटरांचा रस्ता आहे. त्याच आवारात १८८६ साली बॉम्बे व्हेटरिनरी कॉलेज सुरू झालं. शिकलेले हात या महानगरात सव्वाशे वर्षांहून अधिक काळ आहेत. पेशंट मात्र त्यांच्यापर्यंत वेळेत पोचायला हवा.

झिजलेला सांधा पुन्हा नवा होत नाही, मग म्हातारपणी उपचार कसला, हा शेवटचा आक्षेप. पण उपचार वेदनेवर असतो, आणि तिथे सर्वांत स्वस्त औषध सर्वांत कमी वापरलं जातं. सांधेदुखीच्या लठ्ठ कुत्र्यांवर २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शरीराचं वजन सहा टक्क्यांच्या पुढे उतरताच लंगडणं मोजण्याइतकं कमी झालं. ग्लुकोसामाइनच्या डब्यांवर जितका खर्च होतो तितका त्यांच्या बाजूने पुरावा नाही. २०२२ साली अनेक चाचण्या एकत्र तपासल्यावर त्यांचा परिणाम दिसला नाही, माशांच्या तेलातल्या ओमेगा-३चा दिसला. कुत्र्यांसाठीची मेलॉक्सिकॅम, कार्प्रोफेन ही वेदनाशामकं मूत्रपिंड आणि यकृत तपासून दिली तर महिनोन्‌महिने देता येतात. घरातली आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकची गोळी अर्धी करून देणं मात्र जठराला भोकं पाडू शकतं, आणि आधी स्टेरॉइडचं इंजेक्शन झालेलं असेल तर धोका आणखी वाढतो. अगदी अंथरुणाला खिळवून ठेवणंही चूक. स्नायू सुकले की सांध्याला आधार उरत नाही, म्हणून एका लांब फेरीऐवजी रोज तीन-चार छोट्या, सपाट जमिनीवरच्या. बरगड्या हाताला सहज लागतील आणि वरून पाहता कंबर दिसेल, एवढं वजन पुरेसं. तीस किलोंच्या लॅब्रॅडॉरसाठी ते सहा टक्के म्हणजे पावणेदोन-दोन किलो होतात. बाराव्या वर्षी त्याच्या पोटाखालून टॉवेल घालून त्याला लिफ्ट नसलेल्या चौथ्या मजल्यावरून खाली नेणाऱ्या हातांनाही ते दोन किलो पहिल्याच जिन्यात कळतात.